प्रभुभोजन घ्यायची भीती वाटते? पौल नेमका कुणावर रागावला होता ते बघूया

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा रविवार असला (यालाच मेज असंही म्हणतात) की लक्ष दिलं तर बऱ्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एक गोष्ट दिसते. भाकरीचा ट्रे बाकावरून बाकावर सरकत येतो आणि कुणीतरी काहीही न घेता तो तसाच शेजारच्याच्या हातात देतं, मान खाली, डोळे मिटलेले. नंतर विचारलं तर उत्तरं साधारण तीच असतात, "या आठवड्यात माझं नीट नव्हतं", "घरात भांडण झालं, कशी घेऊ", "लायक नसताना घेतलं तर शिक्षा होते ना". काहीजण तर वर्षानुवर्षं असंच करतात. उपासनेला येतात, गातात, दान टाकतात, आजाऱ्यांना भेटायला जातात, आणि मेज मांडलेली दिसली की हळूच उठून बाहेर जातात.

मला या लोकांबद्दल फार वाटतं, कारण यातले बहुतेक जण खरंच देवाला मानणारे, स्वतःच्या पापाबद्दल हळवे असलेले लोक असतात, निष्काळजी नसतात. आणि त्यांच्या भीतीचं मूळ शोधत गेलं की जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच जागी पोचतो आपण, बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं. अयोग्य प्रकारे जो खातो पितो तो प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरतो, स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो, त्यामुळेच तुमच्यात कितीतरी आजारी आहेत आणि काही मेलेसुद्धा, असं पौल तिथे लिहितो. लहानपणापासून हेच कानावर पडलं असेल, आणि तेही मेजेच्या आधी गंभीर आवाजात वाचलेलं, तर माणूस घाबरणारच. पण हा उतारा आपण जवळपास नेहमी मधूनच वाचतो, 23 व्या वचनापासून. त्याच्या आधीची सहा वचनं आणि शेवटची दोन वचनं वाचलीच जात नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आधी मूळ प्रसंग. येशूला धरून दिलं त्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. येशूचं जीवन सांगणाऱ्या शुभवर्तमानांपैकी मत्तय, मार्क आणि लूक सांगतात की ते वल्हांडणाचं भोजन होतं, म्हणजे बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या 12 व्या अध्यायातली इस्राएली लोकांची ती रात्र, कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला, बेखमीर भाकर, गुलामगिरीतून घाईघाईने बाहेर पडणं, याची दरवर्षी आठवण करणारं जेवण. त्या जेवणात येशूने भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, दिली आणि म्हणाला हे माझं शरीर आहे. मग प्याला, नव्या कराराचा. योहानाच्या शुभवर्तमानात हा भाकर-प्याल्याचा भाग नाहीये, त्या जागी तो येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचं सांगतो, आणि मला वाटतं हे दोन्ही एकत्र ठेवून वाचावं, कारण एकाच रात्रीची एकाच टेबलावरची माणसं आहेत ती.

आता गंमत अशी की या रात्रीचं लिहून ठेवलेलं सगळ्यात जुनं वर्णन शुभवर्तमानात नाही, ते पौलाच्या याच पत्रात आहे. हे पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमाराचं, इफिसाहून लिहिलेलं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्काचं शुभवर्तमानसुद्धा त्यानंतर लिहिलं गेलं. पौल म्हणतो जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं. पण त्याने ते परत लिहून का काढलं? कारण करिंथात भांडण झालं होतं. ते लोक नीट वागले असते तर पौलाकडून हे वर्णन आपल्याला बहुधा मिळालंच नसतं, त्याच्या दुसऱ्या कुठल्याही पत्रात ते नाही.

करिंथ हे दोन बंदरांचं, व्यापाराचं, पैशाचं शहर. रोमनांनी आधीचं शहर उद्ध्वस्त केलं होतं, मग इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने तिथे पुन्हा वसाहत बसवली, आणि वसवलेल्या लोकांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ होते, त्यामुळे वर चढायची, आपण कोण आहोत ते दाखवायची धडपड त्या शहराच्या अंगातच होती. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता. चर्चची इमारत वगैरे काही नव्हतं तेव्हा, ज्याचं घर मोठं त्याच्याकडे मंडळी जमायची. आणि रोमन घरातली जेवणाची खोली म्हणजे तीन बाजूंना कोच, त्यावर आडवं होऊन जेवायचं, साधारण नऊ माणसं मावणार. मंडळीत तीस-चाळीस माणसं असली तर बाकीच्यांनी बाहेर अंगणात बसायचं. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवावं लागतंच, आणि ते कसं ठरणार? यजमानाचे मित्र, हुद्द्याची माणसं आत.

शिवाय रविवार हा तेव्हा सुट्टीचा वार नव्हता. ज्याच्याकडे वेळ आहे तो लवकर आला, बरोबर आपलं चांगलंचुंगलं जेवण घेऊन आला, बसला, सुरू केलं. गोदीत ओझी उचलणारा, कुणाच्या घरात गुलाम असलेला, मालकाने सोडल्याशिवाय न येऊ शकणारी बाई, ही माणसं अंधार पडल्यावर पोचणार. तोवर आतल्या खोलीत द्राक्षारस संपत आलेला, काहींना चढलेलीसुद्धा, आणि हे उपाशी पोटी दारात उभे. पौल अगदी याच शब्दांच्या जवळपास लिहितो, एकजण भुकेला आणि दुसरा पिऊन मस्त. आणि मग विचारतो, तुम्हाला खायला प्यायला घरं नाहीत का, की तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता?

इथे एक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे की त्या काळाच्या हिशोबाने करिंथचे हे श्रीमंत लोक काही विशेष दुष्ट वागत नव्हते. तेव्हाची रीतच ती होती. धाकटा प्लिनी नावाचा रोमन अधिकारी, त्याचं एक पत्र आहे, त्यात तो एका यजमानाबद्दल नाराजीने लिहितो की त्याने स्वतःला आणि मोजक्या लोकांना उत्तम पदार्थ वाढले आणि बाकीच्यांना हलके, थोडेथोडके, आणि द्राक्षारसही तीन प्रकारच्या सुरयांमध्ये ठेवलेला, एक स्वतःसाठी, एक खालच्या दर्जाच्या मित्रांसाठी, एक मुक्त केलेल्या गुलामांसाठी. म्हणजे मेजवानीत माणसाची पायरी दाखवणं हे इतकं चालू होतं. करिंथच्या मंडळीने फक्त बाहेरची रीत आत आणली. आणि पौल भडकला तो नेमका यावर, की बाहेर चालतं ते या मेजेवर चालणार नाही. हे जे तुम्ही खाताय ते प्रभूचं भोजनच नाही, असं तो सरळ म्हणतो.

आता यानंतर ती घाबरवणारी वचनं वाचा. अयोग्य प्रकारे खाणं म्हणजे काय? आधीची सहा वचनं जे वर्णन करतात ते. पौल माणसाच्या लायकीचं प्रमाणपत्र मागत नाहीये, खाण्याच्या पद्धतीबद्दल बोलतोय, की भावाला उपाशी ठेवून, बहिणीला लाजवून तुम्ही ख्रिस्ताचं शरीर खाताय. "शरीर न ओळखता" खातो असंही तो म्हणतो, आणि यात भाकर ही साधी भाकर समजून निष्काळजीपणे खाणं हे तर आलंच, पण एकच अध्याय मागे, 10 व्या अध्यायात, त्यानेच लिहिलंय की भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत, आणि एक अध्याय पुढे, 12 व्यात, तुम्ही ख्रिस्ताचं शरीर आहात. मागे-पुढे दोन्हीकडे शरीर म्हणजे मंडळी, तर मधल्या ठिकाणी मंडळी विसरून कसं चालेल.

आणि सगळ्यात मोठा पुरावा उताऱ्याच्या शेवटी आहे. पौल उपाय काय सांगतो बघा. त्याला जर लोकांच्या खाजगी पापांबद्दल, या आठवड्यात आलेल्या वाईट विचारांबद्दल बोलायचं असतं तर उपाय काय असता? तीन दिवस उपास करा, पापं कबूल करा, शुद्ध होईपर्यंत मेजेपासून लांब राहा. असं काहीही तो म्हणत नाही. तो म्हणतो, म्हणून माझ्या बंधूंनो, जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, भूक लागली असेल तर घरी खा. बस. एवढाच उपाय. औषधावरून आजार कळतो, तसं इथे उपायावरून पाप कळतं, आणि ते पाप होतं एकमेकांसाठी न थांबण्याचं.

अजून एक, 28 वं वचन. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. परीक्षा करावी आणि मग बाहेर जाऊन बसावं असं नाही लिहिलेलं! परीक्षेचा शेवट मेजेवर आहे. आणि आजारी पडणं, मरणं या वचनाने ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी 32 वं वचनही वाचावं, तिथे पौल म्हणतो की प्रभू आपला न्याय करतो तेव्हा ती शिस्त असते, जगाबरोबर आपण दोषी ठरू नये म्हणून. आणि ते करिंथच्या मंडळीबद्दल, तिच्या त्या वागण्याबद्दल लिहिलंय. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर ते मागच्या महिन्यात तुम्ही भाकर घेतल्यामुळे, असा अर्थ काढायला पौलाने कुणालाच परवानगी दिलेली नाही, आणि असं कुणाच्या दुःखात जाऊन बोलणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

लायकीचं म्हणाल तर पहिल्या मेजेवर कोण होतं ते आठवा. लूकात भाकर आणि प्याला दिल्यावर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजेवर आहे. म्हणजे यहूदा बसलेला होता. पेत्र होता, जो त्याच रात्री तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणणार होता आणि येशूला ते माहीत होतं, त्याने तसं सांगितलंही. बाकीचे सगळे पळून जाणार होते. आणि भाकर देऊन होते न होते तोच, लूक सांगतो, आपल्यात मोठा कोण यावरून त्यांच्यात वाद लागला. या माणसांना ती भाकर दिली गेली. चौथ्या शतकातला मिलानचा बिशप अँब्रोज शिकवायचा की मी नेहमी पाप करतो म्हणून मला औषधही नेहमी हवं. बरा होईन तेव्हा औषध घेईन असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

पण थांबा, याचा अर्थ कसंही वागा आणि घ्या असा नाही, आणि हे म्हटल्याशिवाय पुढे गेलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. याच पत्राच्या 5 व्या अध्यायात पौल एका माणसाबद्दल सांगतो, जो उघडउघड पापात राहतोय आणि मंडळीला त्याचं काही वाटतही नाही, अशाबरोबर जेवूसुद्धा नका. मंडळीची शिस्त ही खरी गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या मंडळ्यांत तर कितीतरी काळ अशी पद्धत होती की मंडळीचे जबाबदार ज्येष्ठ, ज्यांना वडील म्हणतात, ते आधी घरोघरी जाऊन, बोलून, ज्यांना मेजेवर यायची परवानगी त्यांना धातूचं एक छोटं टोकन द्यायचे, ते दाखवल्याशिवाय प्रभुभोजन नाही. आज हे ऐकून विचित्र वाटतं, आणि मलाही ते थोडं जास्तच वाटतं, पण त्यामागे निदान कुणीतरी घरी येऊन तुमची विचारपूस करतंय हे होतं. फरक कुठे करायचा? पापाशी झगडणारा, पडणारा, रडणारा, परत उठणारा, त्याची जागा मेजेवर आहे. पापाला कवटाळून बसलेला, मला बदलायचंच नाही, कुणी बोलू नका असं म्हणणारा, त्याने थांबावं, आणि पास्टरशी बोलावं. आणि गंमत म्हणजे ट्रे न घेता पुढे देणारे जवळजवळ सगळे पहिल्या गटातले असतात.

आता तो दुसरा मोठा प्रश्न, की भाकरीत नेमकं होतं काय. वेगवेगळ्या चर्चमध्ये गेलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगते.

पहिली कितीतरी शतकं लोक "हे ख्रिस्ताचं शरीर" म्हणून घेत होते आणि कसं याची व्याख्या करत बसले नव्हते. नवव्या शतकात, कॉर्बीच्या एकाच मठातले दोन साधू, राडबर्टस आणि रात्राम्नस, यांनी यावर दोन वेगळ्या दिशांनी लिहिलं, आणि तिथून वाद वाढत गेला. 1215 च्या चौथ्या लॅटेरन परिषदेत कॅथलिक चर्चने आपलं म्हणणं ठरवलं आणि पुढे 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ते पुन्हा पक्कं केलं, की भाकर दिसायला, चवीला, हाताला भाकरच राहते पण ती मुळात जे आहे ते बदलतं आणि ख्रिस्ताचं शरीर होतं. म्हणूनच मिस्सानंतर, म्हणजे त्यांच्या उपासनेनंतर, उरलेली भाकर ते इतक्या जपून, आदराने ठेवतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्याही ख्रिस्त खरोखर तिथे आहे असं मानतात, पण कसा याची फोड करण्यापेक्षा ते रहस्य म्हणून ठेवतात आणि पवित्र आत्म्याला केलेल्या प्रार्थनेवर जास्त भर देतात, आणि त्यांच्याकडे बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही देतात.

सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळा झालेला जर्मन सुधारक ल्यूथर, त्याने ती "मुळात बदलते" वाली फोड नाकारली, पण ख्रिस्ताचं शरीर भाकरीत, भाकरीबरोबर, भाकरीखाली खरंच आहे यावर तो ठाम होता. झ्युरिकचा सुधारक झ्विंगली म्हणायचा की "आहे" म्हणजे इथे "दर्शवते", ख्रिस्त तर पित्याच्या उजवीकडे आहे, आपण स्मरण करतो आणि विश्वासाने त्याला घेतो. या दोघांना एकत्र आणायला हेस या जर्मन प्रांताचा शासक फिलिप याने 1529 च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात बैठक बोलावली. ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये "हे माझे शरीर आहे" असं लिहून ठेवलं, वर कापड टाकलं, आणि झ्विंगलीच्या बाजूने पुरावा मागितला तेव्हा कापड बाजूला करून ते अक्षर दाखवलं, हाच आमचा पुरावा. 15 मुद्द्यांपैकी 14 वर पूर्ण एकमत झालं. पंधरावा प्रभुभोजनाचा, त्यातही बरंचसं जमलं, फक्त ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात प्रत्यक्ष आहे का एवढ्यावर अडलं. आणि तेवढ्यावरून ते एका मेजेवर बसू शकले नाहीत, ल्यूथरने त्यांना बंधू म्हणून मानायला नकार दिला. दोनच वर्षांनी झ्विंगली लढाईत मारला गेला. युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (म्हणजे झ्विंगली-कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनी एकमेकांची मेज अधिकृतपणे मान्य केली ती लॉयेनबर्गच्या करारात, 1973 मध्ये.

मारबुर्गचं हे वाचलं की मला दर वेळी करिंथ आठवतं. प्रश्न महत्त्वाचा होता, सत्यासाठी भांडणं चुकीचं नाही, पण ज्या मेजेबद्दल भांडण तीच मेज मोडली गेली आणि दोन्ही बाजूंना आपण शरीर ओळखतोय अशी खात्री होती.

जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन ल्यूथर आणि झ्विंगली या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. तो म्हणतो भाकर बदलत नाही, पण हे नुसतं आठवण काढणंही नाही, पवित्र आत्मा आपल्याला वर ख्रिस्ताशी जोडतो आणि त्याच्या जीवनाचं पोषण आपल्याला खरंच मिळतं. आणि कसं, हे विचारलं तर तो सरळ कबूल करतो की हे मला समजण्यापेक्षा अनुभवाला जास्त येतं. एवढ्या मोठ्या अभ्यासकाने असं लिहावं हे मला फार आवडतं. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या साधारण झ्विंगलीच्या बाजूने, स्मरण आणि आज्ञापालन यावर जोर देतात. साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने तर 1883 पासून प्रभुभोजनाचा विधीच ठेवलेला नाही, सगळं जेवणच ख्रिस्ताच्या आठवणीत व्हावं असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, कारण येशूने "करा" म्हटलंय, पण त्यांच्या उपाशी माणसाला जेवू घालण्याच्या कामाकडे बघितलं की त्यांना करिंथकर मात्र म्हणवत नाही.

किती वेळा घ्यायचं यावरही मतं वेगळी. काही मंडळ्यांत दर रविवारी, काहींत महिन्यातून एकदा, काहींत वर्षातून चारदा. कॅल्विनला दर आठवड्याला हवं होतं पण जिनिव्हाच्या नगरपरिषदेने वर्षातून चारदाच मान्य केलं. द्राक्षारस की द्राक्षाचा रस, हा वाद तर अलीकडचा, 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने रस उकळत्या पाण्यात तापवून तो न आंबता टिकवायची पद्धत बसवली, ती खास प्रभुभोजनासाठीच, दारू सोडलेल्या माणसासमोर प्याल्यातून पुन्हा दारू येऊ नये म्हणून. मला यात पौलाचं "एकमेकांसाठी थांबा" दिसतं. एकच प्याला की छोटे छोटे कप, बेखमीर की खमीर घातलेली, यावर मी वेळ घालवत नाही, तुमच्या मंडळीत जसं आहे तसं शांतपणे घ्या.

मग तयारी कशी करायची? दिदाखे नावाचं फार जुनं, बहुधा पहिल्या शतकाच्या शेवटाचं पुस्तक आहे, मंडळीला शिकवण देणारं. त्यात तयारीच्या दोन गोष्टी सांगितल्यात, की आधी आपली पापं कबूल करा, आणि ज्याचं कुणाशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये. म्हणजे आतलं बघा आणि शेजारचं बघा. आपण पहिलं करतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त करतो, दुसरं टाळतो. ज्या बहिणीशी दोन वर्षं बोलणं नाही ती पलीकडच्या बाकावर बसलीय, आणि आपण डोळे मिटून देवाला विचारतोय प्रभू मी लायक आहे का. डोळे उघडून बघा ना. येशूनेच सांगितलंय, मत्तयाच्या 5 व्या अध्यायात, वेदीजवळ अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मला विचाराल तर मेजेच्या आदल्या दिवशी एक फोन करणं ही कुठल्याही लांब प्रार्थनेइतकीच तयारी आहे.

समोरचा फोन उचलत नसेल, समेट नकोच म्हणत असेल तर? रोमकरांस पत्रात आहे, तुमच्याकडून होईल तितकं करा, सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं. पुढचं तुमच्या हातात नाही आणि त्याच्या हट्टापायी तुम्ही मेज सोडायची गरज नाही. आणि हेही स्पष्ट सांगते, जी बाई मार खाते, जिच्यावर अत्याचार झालाय, तिने आधी त्या माणसाशी गोड बोलावं मगच प्रभुभोजन घ्यावं असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. करिंथमध्ये पौल लाजवणाऱ्यांना रागावला, लाजवल्या गेलेल्यांना नाही. अशा वेळी थांबायचं असेल तर मारणाऱ्याने थांबायचं.

राहिली ती न येऊ शकणारी माणसं. इ.स. 155 च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून लिहिलं की आम्ही रविवारी काय करतो. वाचन, बोध, प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, सगळ्यांना वाटतात, आणि जे हजर नाहीत त्यांच्या घरी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, नेऊन देतात. आणि ज्यांना देता येतं ते पैसे देतात, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके लोक यांचं बघितलं जातं. म्हणजे करिंथला पत्र गेल्यानंतर साधारण शंभर वर्षांनी निदान एका शहरात तरी दारात कुणी उपाशी राहत नव्हतं आणि घरी पडून असलेलाही मेजेवर मोजला जात होता. आजही पास्टर किंवा वडील घरी किंवा हॉस्पिटलमध्ये येऊन प्रभुभोजन देतात, फक्त त्यांना कळवावं लागतं. तुमच्या मंडळीत कुणी आजोबा जिना उतरू शकत नसतील, कुणी बाई अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून येऊ शकत नसेल, तर पुढच्या मेजेच्या आधी पास्टरना त्यांची नावं सांगा. आणि तुम्ही स्वतः ट्रे पुढे सरकवणाऱ्यांपैकी असाल तर रविवारची वाट न बघता याच आठवड्यात त्यांच्याशी बोला, काय अडतंय ते खरंखरं सांगा, जमलं तर 11 वा अध्याय 17 व्या वचनापासून शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर बसून वाचा.